मदत गेल्यावर मागे काय उरते?

परकीय साहाय्य, आर्थिक धोरण आणि विकसनशील देशांतील जनतेचे आरोग्य

(बंगळूरच्या महादेवपुरा भागातील मराठी भाषक कामगार व कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महादेवपुऱ्यात 'एच.ए.एल.' ही अक्षरे उच्चारली की डोळ्यांसमोर येतो तो विमानांचा कारखाना. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने तो उभारला आणि पुढे तो राष्ट्राच्या मालकीचा झाला. पुण्याजवळच्या पिंपरीत मात्र जुन्या कामगाराच्या तोंडी असलेल्या 'एच.ए.' या दोन अक्षरांचा अर्थ निराळा आहे. तेथे 'एच.ए.' म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, अर्थात भारताचा पहिला पेनिसिलीनचा कारखाना. या देशाच्या आरोग्याच्या इतिहासात परकीय मदतीचे जे थोडे चांगले प्रकरण आहे ते पिंपरीच्या त्या कारखान्याचे. त्याच कारखान्याच्या अवनतीत आपल्या आर्थिक धोरणाचे वाईट प्रकरणही वाचावयास मिळते. म्हणून आजच्या विषयाचा विचार पिंपरीपासून सुरू करणे सोयीचे होईल.

हा विचार आज निकडीचा का झाला आहे? २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परकीय विकास-साहाय्य नव्वद दिवसांसाठी स्थगित करणारा आदेश काढला. जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याच्या आदेशावर सही झाली तीही त्याच दिवशी. १९६१ पासून चालत आलेली 'यूसेड' ही संस्था १ जुलै २०२५ रोजी गुंडाळण्यात आली. आफ्रिकेतील अनेक देशांत एड्सच्या रुग्णांसाठी चालणारे दवाखाने बंद पडले, परिचारिका आणि आरोग्यसेवक एका रात्रीत कामावरून कमी झाले. रोज घ्यावयाच्या गोळीसाठी आलेला रुग्ण कुलूप लावलेल्या दारापुढे उभा राहिला. एका राजधानीत एका माणसाने सही करावी आणि दुसऱ्या खंडातील लक्षावधी लोकांचे औषध थांबावे, ही परिस्थिती निर्माण कशी झाली?

परकीय मदतीची चर्चा सामान्यतः रकमेच्या भाषेत होते. किती डॉलर आले, किती टन औषधे आली, किती तज्ज्ञ आले, असे विचारले जाते. भांडवलशाही देशांची सरकारे रक्कम वाढली म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतात आणि टीकाकार ती अपुरी म्हणून तक्रार करतात. विकसनशील देशांतील श्रमिकांनी मात्र याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. मदत देणारा उद्या निघून गेला, तर मागे काय उरेल? कारखाना, शिकलेले कामगार, संशोधक आणि दवाखाना उरेल, की रिकामी खोकी, कर्जाचा हप्ता आणि परावलंबनाची सवय उरेल? या एका कसोटीवर गेल्या पाऊणशे वर्षांतील काही ठळक घटना घासून पाहू.

पिंपरीचा धडा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलीनचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि न्यूमोनिया, गरमी, जखमेतून होणारे रक्तदोष यांवर हुकमी औषध मानवजातीच्या हाती आले. पण मानवजातीच्या हाती याचा व्यवहारातील अर्थ अमेरिका-ब्रिटनमधील मोजक्या कंपन्यांच्या हाती, असाच होता. बुरशीचे उत्तम वाण, ते टाक्यांत वाढविण्याचे तंत्र आणि द्रवातून शुद्ध औषध काढण्याची रीत या कंपन्यांकडे होती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या भारताला हे औषध आयात करावे लागे.

या परिस्थितीत ज्या व्यक्तींनी वेगळा मार्ग धरला, त्यांत साहिबसिंग सोखी यांचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. परळच्या हाफकिन संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. १९३२ पासून त्यांनी ही संस्था प्लेगाच्या लशीपलीकडे नेली. राष्ट्रीय नियोजन समितीने आरोग्यविषयक जी उपसमिती नेमली तिचे काम त्यांच्याच नेतृत्वाखाली झाले. पुढे ते जागतिक आरोग्य संघटनेत साहाय्यक महासंचालक झाले. औषधे बनविण्याचे ज्ञान खाजगी कंपन्यांच्या कुलपात राहिले तर गरीब देशांत सार्वजनिक आरोग्य उभे राहूच शकत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. शांतता चळवळीतील कार्याबद्दल १९५३ चे स्टालिन शांतता पारितोषिक मिळालेला हा शास्त्रज्ञ राज्यसभेचाही सदस्य होता.

भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यात १९५१ साली जो करार झाला त्यातून पिंपरीचा कारखाना उभा राहिला. युनिसेफने सुमारे साडेआठ लाख डॉलर किमतीची यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेने सुमारे साडेतीन लाख डॉलरचे तांत्रिक साहाय्य दिले आणि जमीन, इमारती व बाकीचा खर्च भारत सरकारने केला. १९५४ साली कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली उत्पादन सुरू झाले. रक्कम आजच्या मानाने क्षुल्लक वाटेल. महत्त्वाची होती ती कराराची रीत. कारखाना सरकारच्या मालकीचा राहणार होता, तेथील तंत्र गुपित ठेवावयाचे नव्हते आणि इतर देशांच्या तंत्रज्ञांना तेथे शिकण्याची सोय व्हावयाची होती.

मागे काय उरले, याचे उत्तर येथे स्पष्ट आहे. तज्ज्ञ परत गेले तरी टाक्या चालू राहिल्या. मावळ-मुळशीच्या खेड्यांतून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेल्या तरुणांनी जंतुविरहित वातावरणात काम करण्याची विद्या आत्मसात केली. पिंपरीच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीजन्य रोगांवरील नवे औषध शोधले. 'हमायसिन' हे त्याचे नाव कंपनीच्या नावावरूनच पडले. पिकांवरील बुरशीसाठी 'ऑरिओफंजिन'ही तेथेच निघाले. ज्या देशाला पेनिसिलीन विकत घ्यावे लागत होते, त्याने दहा वर्षांच्या आत जगाला स्वतःचे प्रतिजैविक दिले. १९८१ साली याच कंपनीने कर्नाटक सरकारच्या महामंडळाबरोबर कर्नाटक अँटिबायोटिक्स ही संस्था बंगळूरमध्ये स्थापन केली. म्हणजे पिंपरीच्या रोपाची एक फांदी याच शहरात रुजली.

सोव्हिएत संघाच्या साहाय्याने १९६१ साली स्थापन झालेल्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या कंपनीलाही हीच कसोटी लावली पाहिजे. मित्रराष्ट्राची मदत म्हणून तिला कसोटीतून सूट देण्याचे कारण नाही. ऋषिकेशचा प्रतिजैविकांचा, हैदराबादचा संश्लेषित औषधांचा आणि मद्रासचा शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा, असे तिचे कारखाने होते. मद्रासची उपकरणे येथील शल्यविशारदांच्या हाताला बसली नाहीत आणि त्यांना मागणी मिळाली नाही, हे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. मात्र हैदराबादच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञांची जी पिढी तयार झाली तिच्यातूनच त्या शहराचा औषध उद्योग वाढला. डॉ. रेड्डीज या कंपनीचे संस्थापक अंजी रेड्डी हे या सार्वजनिक कारखान्यातच नोकरीस होते. सार्वजनिक पैशाने शिकलेल्या विद्येचा नफा पुढे खाजगी खिशात गेला, ही वेगळी गोष्ट आहे. परंतु विद्या देशात राहिली, हे नाकारता येत नाही.

मलेरियाचा परतीचा प्रवास

आता दुसऱ्या प्रकारची मदत पाहू. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख लोक त्याने मरत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात झाले. डीडीटी, फवारणीचे पंप, वाहने आणि सल्लागार यांचा मोठा भाग अमेरिकन साहाय्यातून आला. परिणाम डोळे दिपविणारा होता. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास उतरली. निर्मूलन झाल्यात जमा आहे, असे अनेकांना वाटू लागले.

१९७६ साली हीच संख्या चौसष्ट लाखांवर गेली. असे का व्हावे? डासांमध्ये डीडीटीला दाद न देण्याची शक्ती आली, हे एक कारण होते. डीडीटीचा पुरवठा वेळेवर होईनासा झाला, हे दुसरे. दिल्लीत युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटनेच्याच मदतीने डीडीटीचा सरकारी कारखाना निघाला होता, पण देशाची गरज त्याच्या आवाक्याबाहेरची होती. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे होते. फवारणी थांबल्यावर प्रत्येक तापाच्या रुग्णाचे रक्त तपासण्याचे काम गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी करावयाचे होते. अशी केंद्रे अनेक जिल्ह्यांत कागदावरच होती. मोहिमेसाठी स्वतंत्र नोकरवर्ग, स्वतंत्र वाहने, स्वतंत्र पैसा मिळाला, मात्र गावच्या दवाखान्यासाठी तो मिळाला नाही. मोहीम ओसरताच डास परत आले आणि त्यांना अडविणारे कोणी जागेवर नव्हते.

याचा अर्थ फवारणी निरुपयोगी होती असा नव्हे. त्या काळात वाचलेले लक्षावधी जीव ही खरी कमाई होय. परंतु एका रोगावर बाहेरून झालेला हल्ला कितीही जोरदार असला तरी कायम आरोग्यव्यवस्थेचे काम तो करू शकत नाही. आज आफ्रिकेत एड्सच्या कार्यक्रमांची जी अवस्था झाली आहे, तिचे मूळ याच चुकीत सापडेल.

बंगळूरने जगाला काय शिकविले

परकीय साहाय्यातून ज्ञानही निर्माण होऊ शकते, याचे उदाहरण याच शहरात आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५९ साली बंगळूरमध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. १६ सप्टेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे औपचारिक उद्‌घाटन झाले. तत्पूर्वी मद्रास येथील केंद्रात ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने एक महत्त्वाचा प्रयोग झाला होता. क्षयरोग्याला आरोग्यधामात ठेवून दिलेले उपचार आणि घरी ठेवून दिलेले उपचार यांच्या परिणामांत विशेष फरक पडत नाही, असे १९५९ मध्ये त्यातून सिद्ध झाले. चाळीतल्या आणि झोपडीतल्या रुग्णाला हवेशीर टेकडीवर पाठविण्याची गरज उरली नाही, त्याला गरज होती ती नियमित औषधाची.

बंगळूरच्या संस्थेतील समाजशास्त्रीय अभ्यासाने याहून मोठा धक्का दिला. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत जाऊन क्षयरोग्यांची विचारपूस केली. १९६३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. खेडूत अडाणी असतात, त्यांना रोगाची जाणीव नसते, म्हणून त्यांना शोधून काढावे लागते, असा समज तोपर्यंत तज्ज्ञांमध्ये रूढ होता. प्रत्यक्षात अर्ध्याहून अधिक रुग्ण आपण होऊन सरकारी दवाखान्यात जाऊन आलेले होते. तेथे त्यांची थुंकी तपासली गेली नव्हती. खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांची बोळवण करण्यात आली होती. दोष रुग्णाच्या अज्ञानाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाची आखणी याच निष्कर्षांच्या पायावर झाली. थुंकी तपासण्याची सोय जवळच्या साध्या दवाखान्यातच असावी आणि उपचार तेथूनच मिळावेत, असे ठरले.

या काळात भारतात क्षयरोगाचे काम करणारे डेन्मार्कचे हाफडान माहलर पुढे १९७३ ते १९८८ या काळात जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक होते. त्यांच्याच कारकिर्दीत सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे १३४ देशांची परिषद भरली. आरोग्य हा मूलभूत मानवी हक्क आहे, प्राथमिक आरोग्यसेवा लोकांच्या सहभागाने उभी राहिली पाहिजे आणि राष्ट्राराष्ट्रांतील विषमता ही आरोग्याचीच समस्या आहे, असे तेथील घोषणेने जगापुढे ठेवले. या विचारामागे भारताचा अनुभव होता. तुमकूरच्या खेड्यांप्रमाणेच अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडही त्यात होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तेथे गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले होते. दलित स्त्रीने सवर्णाच्या घरी जाऊन बाळंतिणीची काळजी घ्यावी, हे काम औषधाइतकेच समाजपरिवर्तनाचे होते.

कर्ज, अटी आणि दवाखान्याची पावती

अल्मा-आटाच्या घोषणेला वर्षही झाले नाही तोच तिच्यातील आशय काढून घेण्यास सुरुवात झाली. १९७९ मध्ये 'निवडक प्राथमिक आरोग्यसेवा' ही कल्पना मांडण्यात आली. सर्वांना सर्व आरोग्यसेवा देणे परवडणार नाही, तेव्हा कमी खर्चात मोठा परिणाम दाखविता येईल अशा चार-दोन उपायांपुरतेच काम करावे, असे तिचे सार होते. त्याच सुमारास व्याजदर भडकले, कच्च्या मालाचे भाव पडले आणि आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील देश कर्जाच्या सापळ्यात अडकले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांनी कर्ज देताना सरकारी खर्च कमी करण्याची अट घातली. १९८७ साली जागतिक बँकेने आरोग्यसेवेच्या अर्थपुरवठ्यावर जे धोरणपत्र प्रसिद्ध केले त्यात सरकारी दवाखान्यांत रुग्णांकडून शुल्क घ्यावे, अशी शिफारस होती. आफ्रिकेत जेथे जेथे असे शुल्क लागले तेथे गरिबांचे दवाखान्यात येणे घटल्याचे आढळले. युगांडाने २००१ साली आणि झांबियाने २००६ साली ग्रामीण भागात ते रद्द केले तेव्हा दवाखान्यांतील गर्दी वाढली. ज्यांना आजार नव्हता असे समजले जात होते, ते इतके दिवस पैशाअभावी घरीच होते.

भारतात ही लाट १९९१ साली आली. परकीय चलनाची गंगाजळी आटली, सोने परदेशात गहाण ठेवावे लागले, जुलैमध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि नाणेनिधीच्या कर्जाबरोबर नवे आर्थिक धोरण आले. १९९३ मध्ये जागतिक बँकेचा 'आरोग्यातील गुंतवणूक' हा अहवाल प्रसिद्ध झाला. कोणत्या आजारावर सरकारने खर्च करावा आणि कोणता खाजगी बाजारावर सोडावा, याचा हिशेब त्यात आयुष्याच्या वाया गेलेल्या वर्षांच्या मापाने मांडला होता. १९९६ साली कर्नाटक, पंजाब आणि पश्चिम बंगाल या राज्यांतील रुग्णालयांसाठी बँकेच्या कर्जातून प्रकल्प सुरू झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रासाठीही असाच प्रकल्प आला. इमारती दुरुस्त झाल्या, यंत्रे आली, हे खरे आहे. त्याबरोबर बाह्यरुग्ण विभागाच्या दाराशी पावती फाडणारी खिडकीही आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना सवलत होती, पण ती मिळविण्यासाठी दाखला लागे. तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन आलेल्या आईने दाखल्यासाठी तलाठ्याकडे जावे की डॉक्टरांकडे? पश्चिम बंगालमध्ये त्या वेळी डाव्या आघाडीचे सरकार होते. कर्जाच्या अटींचा दाब किती सर्वव्यापी असतो हे समजण्यासाठी ही वस्तुस्थिती झाकून ठेवता येणार नाही.

न्याय्य मूल्यमापनासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९९७ पासून जागतिक बँकेच्याच कर्जावर क्षयरोगाचा सुधारित कार्यक्रम देशभर पसरला आणि त्याने लक्षावधी रुग्णांपर्यंत पूर्ण मुदतीची औषधे पोहोचविली. कर्ज घेणे हे स्वतः पाप नव्हे. कर्जातून काय उभे करावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, हा वादाचा मुद्दा आहे.

औषधाच्या किमतीचे राजकारण

आरोग्यावरील परकीय वर्चस्वाचा सर्वांत सूक्ष्म मार्ग पेटंटचा होय. १९११ च्या ब्रिटिशकालीन कायद्याने परदेशी कंपन्यांना औषधांवर मक्तेदारी मिळत असे. भारतातील काही औषधांचे भाव जगातील सर्वांत चढ्या भावांत मोडतात, असे अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीलाच १९६१ मध्ये आढळले. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर आधारलेला १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधावर पेटंट न देता ते बनविण्याच्या प्रक्रियेवर, तेही थोड्या वर्षांसाठी, देण्याची तरतूद त्यात होती. १९७५ च्या हाथी समितीने ११७ आवश्यक औषधांची यादी केली आणि औषध उद्योगात सार्वजनिक क्षेत्राला नेतृत्व देण्याचा आग्रह धरला. यातून भारत हा गरीब देशांना औषध पुरविणारा देश झाला.

त्याचे महत्त्व २००१ साली जगाला दिसले. एड्सवरील तीन औषधांच्या एका वर्षाच्या उपचारास पाश्चात्त्य कंपन्या दहा हजार डॉलरहून अधिक घेत. मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार ३५० डॉलरला देऊ केला. सिप्ला ही खाजगी कंपनी आहे, परंतु ती हे करू शकली ती १९७० च्या कायद्यामुळे. अमेरिकेने २००३ पासून आफ्रिकेत एड्सविरोधी जो कार्यक्रम चालविला त्याच्या औषधांचा मोठा वाटाही भारतीय कारखान्यांतूनच गेला. पैसा वॉशिंग्टनचा होता, पण त्या पैशात एवढ्या रुग्णांना पुरतील इतक्या गोळ्या येत होत्या, याचे श्रेय दिल्लीत झालेल्या एका कायद्याचे आणि त्यासाठी लढलेल्या शास्त्रज्ञ-कामगारांचे आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधांवर पेटंट देणे भारताला भाग पडले. त्या वेळी केंद्रातील सरकार डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभे होते. डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे दुरुस्ती विधेयकात काही संरक्षक तरतुदी समाविष्ट झाल्या. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मागण्यास प्रतिबंध करणारे कलम ३(ड) त्यांपैकी प्रमुख होय. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे रक्ताच्या कर्करोगावरील औषधासाठी नोव्हार्टिस कंपनीने केलेली मागणी फेटाळली. त्याआधी मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी सक्तीचा परवाना दिल्यामुळे यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील बायर कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार रुपयांवरून सुमारे ८,८०० रुपयांवर आला होता. मार्च २०२३ मध्ये प्रतिरोधी क्षयरोगावरील बेडाक्विलीन या औषधावरील मक्तेदारी लांबविण्याचा अर्ज नामंजूर झाला. त्याला विरोध करणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या क्षयातून वाचलेल्या दोन तरुणी होत्या. क्षयाच्या औषधोपचारात दोघींनीही श्रवणशक्ती गमावली होती.

या तरतुदी टिकतीलच, असे मानून स्वस्थ बसता येणार नाही. कोविडच्या साथीत लशींवरील पेटंट स्थगित करण्याचा प्रस्ताव भारत व दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये मांडला. तो जून २०२२ पर्यंत रेंगाळला आणि शेवटी जो निर्णय झाला त्यात मूळ मागणीचा अल्प अंशच उरला. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात औषधे उपलब्ध करण्याचा इष्ट मार्ग म्हणून कंपनीच्या मर्जीने मिळणाऱ्या परवान्याला पसंती दिली आहे. सक्तीच्या परवान्याचे शस्त्र मोडलेले नाही, मात्र ते म्यानातच राहावे अशी ही व्यवस्था आहे.

पिंपरीचे काय झाले

आता पुन्हा पिंपरीकडे वळावे लागते. १९९१ नंतर आयात खुली झाली आणि चीनमधील प्रचंड कारखान्यांतून स्वस्त पेनिसिलीन येऊ लागले. पिंपरीच्या यंत्रसामग्रीचे वेळेवर आधुनिकीकरण झाले नाही. १९९७ साली ही कंपनी आजारी उद्योग म्हणून घोषित झाली. या शतकाच्या पहिल्या दशकात देशातील खाजगी कारखान्यांनीही मूळ पेनिसिलीनचे उत्पादन थांबविले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सोव्हिएत साहाय्याने उभी राहिलेली कंपनी बंद करण्याचा आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे भागभांडवल विकण्याचा निर्णय घेतला. कंपनीची जास्तीची जमीन विकून देणी भागवावीत, असेही ठरले. औषधापेक्षा भूखंडाला किंमत आली.

त्यानंतर चारच वर्षांनी साथीच्या काळात चीनमधून कच्चा माल येईनासा झाला, तेव्हा मूळ औषधे देशात बनली पाहिजेत याची सरकारला आठवण झाली. २०२० मध्ये उत्पादनाशी निगडित अनुदानाची योजना जाहीर झाली आणि तिच्या आधारे २०२४ साली आंध्र प्रदेशातील काकिनाडाजवळ एका खाजगी कंपनीने पेनिसिलीनचे उत्पादन सुरू केले. १९५५ साली सार्वजनिक मालकीत जे साध्य झाले होते, तेच सत्तर वर्षांनी सार्वजनिक अनुदान देऊन खाजगी मालकीत पुन्हा उभे करावे लागले.

पिंपरी कोणा परकीय शक्तीने बंद पाडली नाही. ती आपल्याच सरकारांच्या धोरणाने क्षीण झाली, हे लक्षात घेतले पाहिजे. साम्राज्यवादाला दोष देऊन हा हिशेब पुरा होत नाही. सार्वजनिक कारखान्यात नोकरशाहीने केलेली दिरंगाई आणि संशोधनावरील खर्चाची उपेक्षा या गोष्टी १९९१ च्या आधीपासून चालत आल्या होत्या. कामगार चळवळीने बोनस आणि वेतनकरारासाठी जिद्दीने लढे दिले. नव्या यंत्रांसाठी व बुरशीच्या नव्या वाणांसाठी तेवढ्याच जिद्दीने लढा दिला गेला का, हा प्रश्न चळवळीने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

पुढील कार्य

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २००४-०५ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६९.४ टक्के रक्कम लोक उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही सुधारणा मान्य केली पाहिजे. त्याच वर्षी सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या आरोग्य धोरणाने तो २०२५ पर्यंत अडीच टक्के करण्याचे वचन दिले होते. १९४६ साली, स्वातंत्र्यापूर्वीच, भोर समितीने म्हटले होते की पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहू नये. येथील उंच इमारतींत साफसफाई करणारे, पहारा देणारे, जेवण पोहोचविणारे, बेळगाव, बिदर, कलबुर्गी आणि मराठवाड्यातून आलेले कष्टकरी हेच या वाक्याचे आजचे हक्कदार होत.

वरील विवेचनातून चार मागण्या निघतात. पहिली, आवश्यक औषधांचे मूळ उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात टिकले पाहिजे आणि पिंपरीसारख्या कारखान्यांच्या जमिनी विकण्याऐवजी त्यांत नवी यंत्रे आली पाहिजेत. दुसरी, पेटंट कायद्यातील कलम ३(ड) आणि सक्तीचा परवाना यांना धक्का लावणारा कोणताही व्यापार करार संसदेतील खुल्या चर्चेवाचून होता कामा नये. तिसरी, तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी सरकारी महामंडळ स्थापन करून जी घाऊक खरेदीची पद्धत रूढ केली, ती सर्व राज्यांत अमलात आली पाहिजे आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळाले पाहिजे. चौथी, परकीय साहाय्य घ्यावयाचे असेल तर त्याच्या करारात तंत्राची मालकी, स्थानिक लोकांचे प्रशिक्षण आणि मदत संपल्यानंतरची व्यवस्था या तीन गोष्टी आधी लिहिल्या गेल्या पाहिजेत.

या मागण्या दिल्लीत मान्य होण्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. थुंकी तपासण्याची सोय रोज चालू आहे का, क्षयाच्या औषधांचा साठा किती दिवसांचा आहे, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मिळतात की बाहेरून आणण्यास सांगितले जाते, कंत्राटी परिचारिकेचा पगार किती महिने थकला आहे, याची नोंद करावी. तुमकूरच्या त्या अभ्यासकांनी याहून वेगळे काही केले नव्हते. ते रुग्णाच्या घरी गेले, त्याने काय काय केले ते विचारले आणि व्यवस्थेचा दोष कागदावर आणला. तीच नोंद घेऊन शाखांनी तालुका आणि महानगरपालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे शिष्टमंडळे न्यावीत, आणि त्या शिष्टमंडळांत त्या केंद्रात जाणाऱ्या बायकांना सर्वांत पुढे ठेवावे.